नरक्या, एर्लोटिनिब आणि उणे ९.२ : औषधरचनेच्या एका कार्यशाळेचे परीक्षण

वनस्पतींमधील संयुगांपासून कर्करोगावरील औषधांची रचना संगणकाच्या साहाय्याने कशी करतात, हे शिकवणारी सहा दिवसांची एक कार्यशाळा मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाणेरमधील एका खासगी प्रशिक्षण केंद्रात पूर्ण केली. शुल्क माणशी ७,५०० रुपये होते आणि चहा व दुपारचे जेवण त्यातच धरलेले होते. मी पुण्यातील एका महाविद्यालयात २२ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवते, माझ्याबरोबर एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनी आल्या होत्या. अशा कार्यशाळा पुण्यात वर्षभर कोठे ना कोठे चालू असतात, त्यांच्या जाहिराती महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर येत राहतात आणि मुले घरून पैसे मागून त्यांना जातात. म्हणून केंद्राचे नाव न घेता, तेथे काय मिळाले आणि काय मिळायला हवे होते, ते सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: चौथ्या दिवसासाठी मी हे शुल्क पुन्हा भरेन, आणि सहावा दिवस कार्यक्रमातून काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयाकडे मी वळले ती नरक्यामुळे. सह्याद्रीतल्या सदाहरित रानात वाढणाऱ्या आणि दुर्गंधामुळे हे नाव पडलेल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे संयुग असते. ते मुळात १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. यातले वाणी हे आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७१ साली याच दोघांनी पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉल या कर्करोगविरोधी संयुगाची रचना प्रसिद्ध केली. आपल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले आणि त्यानंतरच्या काळात या झाडाची इतकी तोड झाली, की ज्या उतारांवर मी विद्यार्थिदशेत नरक्याची झाडे मोजली होती, तेथे नंतर मला खोडांचे बुंधे मोजावे लागले. झाड न तोडता, त्याच्या रेणूवरून पुढचा रेणू कागदावर किंवा पडद्यावर घडवता येतो का, हा प्रश्न माझ्यासाठी तेव्हापासूनचा आहे.

आणखी एक कारण आहे आणि ते सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखालील एका प्रबंधिकेत केवळ संगणकीय आकड्यांच्या आधारे एका वनस्पतीतील संयुग ‘कर्करोगावर प्रभावी’ असल्याचे विधान होते आणि मी त्याखाली सही केली होती. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवसाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. २४ जणांसाठी १५ संगणक होते, त्यामुळे बहुतेकांना जोडीने बसावे लागले. जाहिरातीत मात्र प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळेल असे लिहिले होते. सॉफ्टवेअर बसवण्यातच सकाळ गेली. हे काम आदल्या दिवशी करून ठेवता आले असते. छापील पुस्तिका पूर्ण इंग्रजीत होती, पण शिकवणारे सर तोंडी मराठीत समजावत होते आणि त्यांची भाषा अतिशय स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी डॉकिंग सुरू झाले. प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँक या जागतिक संग्रहातून उतरवायची, त्यातील ज्या खळग्यात औषध बसायला हवे त्याभोवती एक चौकट आखायची आणि संयुगाचा रेणू त्या चौकटीत वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या वळणांनी बसवून पाहायचा, अशी ही रीत आहे. यासाठी आम्ही ऑटोडॉक विना वापरले. ते मोफत आहे, ओलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांनी केलेले त्याचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले आणि साध्या लॅपटॉपवरही ते चालते. प्रत्येक बैठकीला ते एक आकडा देते. एकक किलोकॅलरी प्रति मोल, चिन्ह बहुधा उणे, आणि आकडा जितका अधिक उणे तितकी पकड घट्ट असा त्याचा अंदाज.

येथे सरांनी घाई केली नाही, याचे मला कौतुक वाटते. फुप्फुसाच्या कर्करोगात वापरले जाणारे एर्लोटिनिब हे औषध ईजीएफआर या, पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनात बसलेले असताना घेतलेली स्फटिकरचना ‘१एम१७’ या क्रमांकाने उपलब्ध आहे. सरांनी आम्हाला त्या रचनेतून औषध बाहेर काढायला लावले, रिकाम्या खळग्यात तेच औषध सॉफ्टवेअरकडून पुन्हा बसवून घेतले आणि मूळ जागेपासून ते किती सरकले हे मोजायला सांगितले. हे अंतर दोन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे साधारण एका अणूएवढी लांबी) आत असेल तरच पुढे जायचे, असा या क्षेत्रातला रूढ संकेत आहे. माझ्या पडद्यावर रेणूचा मधला, दोन कड्यांचा भाग मूळ जागी अचूक बसला, त्यातला नायट्रोजन मेथिओनिन ७६९ या अमिनो आम्लासमोर आला आणि हायड्रोजन बंधाची तुटक रेघ उमटली. पण रेणूच्या दोन लांब शेपट्या मात्र भलत्याच दिशेला वळल्या होत्या. मी चूक झाली म्हणून पुन्हा सुरुवात करणार, तेवढ्यात सर म्हणाले, “मॅडम, त्या शेपट्या खळग्याबाहेर पाण्यात असतात. त्यांना धरायला तिथे कुणी नाही, म्हणून त्या हलतात. मधला भाग बघा.” एखाद्या रेणूचा कोणता भाग काम करतो आणि कोणता नुसता लोंबत असतो, हे मी त्या क्षणी प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही आपापल्या वनस्पती निवडल्या. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने उभारलेला इम्पॅट हा संग्रह यासाठी वापरला. त्यात ४,००० हून अधिक भारतीय औषधी वनस्पती आणि सुमारे १८,००० संयुगे आहेत, तो मोफत आहे आणि कोणते संयुग वनस्पतीच्या कोणत्या भागात आढळते याची नोंदही त्यात मिळते. या विषयात ज्याला मराठी, संस्कृत आणि वैज्ञानिक नावांच्या गोंधळातून वाट काढावी लागते, त्याला अशा संग्रहाचे मोल वेगळे सांगायला नको.

माझ्या विद्यार्थिनीने ३४ संयुगे निवडली, रात्रभर संगणक चालू ठेवला आणि सकाळी यादी घेऊन धावत आली. एर्लोटिनिबला उणे ७.३ गुण होते आणि तिच्या यादीतल्या रुटिनला उणे ९.२. प्रत्यक्ष वापरातल्या औषधापेक्षा आपल्या वनस्पतीतले संयुग सरस ठरले, असा तिचा आनंद होता, आणि दोन वर्षांपूर्वी मीही हाच आनंद मानला असता. सरांनी तिला रुटिनचा रेणू पडद्यावर मोठा करायला सांगितला आणि विचारले, “याला साखरेचे किती रेणू चिकटलेत?” तिने मोजले. दोन होते, एक ग्लुकोज आणि एक ऱ्हॅम्नोज.

चौथ्या दिवसाचे सकाळचे सत्र याच प्रश्नावर उभे होते. रेणू मोठा असला, की प्रथिनाला टेकणारे त्याचे अणू वाढतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक टेकण्याचे गुण मोजत जाते. त्यामुळे साखर जोडलेली मोठी संयुगे जवळजवळ प्रत्येक यादीच्या डोक्यावर चढून बसतात, मग प्रथिन कोणतेही असो. त्यातून तोंडावाटे घेतलेले रुटिन जसेच्या तसे रक्तात पोहोचत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याची साखर तोडतात आणि क्वेर्सेटिन हा वेगळाच रेणू उरतो. म्हणजे यादीत जे पहिले आले ते गाठीपर्यंत पोहोचणारच नाही. याउलट एर्लोटिनिब प्रयोगशाळेत अवघ्या दोन नॅनोमोलरच्या आसपासच्या प्रमाणात ईजीएफआरचे काम निम्म्यावर आणते आणि तरीही सॉफ्टवेअरने त्याला खालचा क्रमांक दिला.

मग सरांनी फळ्यावर १.३६ हा आकडा लिहिला. पकडीच्या ऊर्जेत एवढ्या किलोकॅलरींचा फरक पडला, की सामान्य तापमानाला पकड दहापट घट्ट किंवा दहापट सैल होते. विनाच्या अंदाजातली नेहमीची चूकच दोन ते तीन किलोकॅलरींच्या घरात असते, म्हणजे शंभरपट इकडे किंवा तिकडे. उणे ७.३ आणि उणे ९.२ यांच्यातला फरक त्या चुकीतच बुडून जातो. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझी सही असलेली ती प्रबंधिका होती. तिच्यातला सगळा निष्कर्ष ०.८ किलोकॅलरींवर उभा होता.

दुपारचे सत्र माझ्या नरक्याचे होते आणि अशा दर्जाचे अध्यापन मी फार थोड्या वेळा अनुभवले आहे. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज १ या विकरावर काम करते. डीएनएला पडलेला पीळ सोडवण्यासाठी हे विकर त्याचा एक धागा कापते, पीळ सुटू देते आणि धागा पुन्हा जोडते. सरांनी आधी नुसत्या विकरावर कॅम्प्टोथेसिनचे डॉकिंग करायला सांगितले. प्रत्येकाकडे रेणू वेगळ्या ठिकाणी जाऊन बसला आणि प्रत्येकाला बऱ्यापैकी आकडा मिळाला. त्यानंतर त्यांनी टोपोटेकान हे कॅम्प्टोथेसिनपासून घडवलेले औषध, विकर आणि कापलेला डीएनए अशी तिघांची एकत्र रचना उघडली. औषधाची चपटी कडी डीएनएच्या तुटलेल्या जागी, दोन आधारजोड्यांच्या मध्ये पाचरीसारखी शिरलेली दिसत होती. तो खळगा नुसत्या विकरात नसतोच; डीएनए कापला गेल्यावर तो क्षणभर तयार होतो आणि औषध नेमके त्याच क्षणी आत शिरून धागा पुन्हा जुळू देत नाही. पुढे पेशी डीएनएची नक्कल करू लागली, की ती या अडथळ्यावर येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. विकराची रचना उतरवून त्यातला डीएनए ‘अनावश्यक’ म्हणून पुसून टाकणे ही नवशिक्यांची पहिली सवय असते. ती सवय येथे औषधाचे घरच पुसून टाकते.

याच सत्रात त्यांनी या रेणूचा इतिहास सांगितला, तोही नेमका लागू पडेल तेवढाच. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत त्याचे सोडियम लवण दिले गेले. परंतु त्यासाठी रेणूतले लॅक्टोनचे कडे उघडावे लागते आणि उघडलेल्या रूपात औषधाची ताकद उरत नाही. रक्ताच्या सामूवरही हे कडे आपोआप उघडते आणि उघडलेले रूप रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसते. लाभ थोडा आणि मूत्राशयाला होणारी इजा मोठी, म्हणून १९७० च्या दशकात त्या चाचण्या थांबल्या. औषधाचे लक्ष्य टोपोआयसोमरेज १ आहे हे १९८५ साली कळले, मग रेणूत विचारपूर्वक बदल झाले आणि १९९६ साली टोपोटेकान व इरिनोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. १९६६ ते १९९६ अशी ही ३० वर्षे आहेत. डॉकिंगच्या आकड्यात यातले काहीही दिसत नाही, कारण त्याला ना रक्ताचा सामू ठाऊक असतो ना अल्ब्युमिन.

हळदीवर मात्र पुरेसा वेळ दिला गेला नाही, आणि निम्म्या वर्गाने कर्क्युमिनच निवडलेले असल्यामुळे तो द्यायला हवा होता. कर्क्युमिन शरीराच्या सामूच्या द्रावणात, रक्तद्रव नसेल तर, अर्ध्या तासात ९० टक्क्यांपर्यंत विघटित होते. ते रक्तात फार कमी शोषले जाते. आणि त्याची स्वतःची चमक व अनेक प्रथिनांना चिकटण्याची वृत्ती यांमुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्याही फसतात. हे सर्व सरांनी दहा मिनिटांत उरकले. ज्या घरात जखमेवर पहिली हळदच लागते, त्या घरातल्या मुलांना हे पटवायला दहा मिनिटे पुरत नाहीत.

कोणता रेणू औषध म्हणून चालेल याचा अंदाज देणाऱ्या लिपिन्स्की यांच्या १९९७ च्या नियमांचे विवेचन त्यामानाने चांगले झाले. रेणुभार ५०० च्या आत असावा वगैरे हे नियम गाळणीसारखे वापरले जातात. परंतु टॅक्सॉलचा रेणुभार ८५४ आणि सदाफुलीतून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनचा ८२५ आहे. दोन्ही औषधे शिरेवाटे दिली जातात आणि ते नियम तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी आहेत, शिवाय लिपिन्स्की यांनी स्वतःच नैसर्गिक संयुगांच्या काही गटांना अपवाद मानले होते. डोळे मिटून गाळणी लावली असती तर बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टिन पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

पाचव्या दिवशी मॉलिक्युलर डायनॅमिक्स होते. डॉकिंगमध्ये प्रथिन बहुधा ताठ धरलेले असते; येथे प्रथिन, औषध आणि भोवतालचे पाणी यांतला प्रत्येक अणू हलू दिला जातो. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचे, म्हणून १०० नॅनोसेकंद पाहायचे तर पाच कोटी पावले मोजावी लागतात. सरांनी आधीच करून ठेवलेली चित्रफीत दाखवली, आम्हाला प्रत्यक्ष काही चालवता आले नाही. परम ८००० हा महासंगणक ज्या शहरातल्या सी-डॅकमध्ये १९९१ साली घडला, त्या शहरात पैसे देऊन आलेल्या विद्यार्थ्यांना एखाद्या ग्राफिक्स कार्डावर दोन तासांचा तरी वेळ मिळायला हवा होता.

त्याच दिवशी चहाच्या सुट्टीत घडलेला एक प्रसंग लिहायलाच हवा. आमच्यात कोथरूडहून येणारे एक निवृत्त अभियंता काका होते. त्यांच्या पत्नीवर कर्करोगाचे उपचार चालू होते, हे तोवर कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी सरांना विचारले, “सर, लक्ष्मणफळातलं औषध यात टाकून बघता येईल का? ही दोन महिने पानांचा काढा घेतेय.” सर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “काका, टाकता येईल आणि आकडाही छान येईल. पण त्या आकड्यावरून काकूंना काढा द्यावा की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांच्या डॉक्टरांना काढ्याचं सांगितलंय का?” सांगितलेले नव्हते. लक्ष्मणफळात ॲनोनासिन नावाचे संयुग असते, ते पेशीच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणते आणि कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर या फळाच्या व पानांच्या सेवनाचा पार्किन्सनसारख्या आजाराशी संबंध आढळला आहे, हे त्यांनी हळू आवाजात समजावले. काढ्यातले घटक यकृतात केमोथेरपीच्या औषधांच्या आड येऊ शकतात, हेही सांगितले. काका ताबडतोब बाहेर जाऊन फोन करून आले. शिक्षक म्हणून या माणसाबद्दल मला जो आदर वाटतो, तो या पाच मिनिटांमुळे अधिक आहे.

म्हणूनच सहाव्या दिवसाचे दुःख मोठे आहे. त्या दिवशी सर नव्हते. केंद्राचे संचालक आले आणि ‘एका दिवसात शोधनिबंध’ असे सत्र झाले. एक तयार मसुदा प्रत्येकाला देण्यात आला, त्यात प्रथिनाचे आणि वनस्पतीचे नाव बदलायचे, आपले आकडे भरायचे आणि शेवटी ‘हे संयुग कर्करोगावरील संभाव्य औषध आहे’ हे आधीच टंकलेले वाक्य ठेवायचे. चौथ्या दिवशी जे शिकलो ते सगळे येथे पुसले गेले. मी उभी राहून विचारले, की या निबंधात एर्लोटिनिबचा तुलनात्मक आकडा आणि विनाची अंदाजातली चूक कोठे लिहायची. उत्तर मिळाले, की पानांची मर्यादा असते. समारोपाला मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘संगणकीय औषध संशोधक’ अशी पदवीसारखी अक्षरे होती. सहा दिवसांत कोणी संशोधक होत नाही, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांना तसे लिहून देणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

त्या दिवसाचा उपयोग वेगळा करता आला असता. गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, जेथून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे नमुने पुरवले जातात. पडद्यावरचे संयुग पेशींवर तपासायचे म्हणजे काय करायचे, निरोगी पेशींवरही तेच का तपासायचे, मग प्राणी आणि माणूस हे टप्पे किती दूर असतात, हे सांगणारा एखादा अभ्यासक या शहरात अर्ध्या दिवसासाठी मिळणे अवघड नाही.

ही किंवा अशी कार्यशाळा करावी का, असे माझ्या विद्यार्थ्यांनी विचारले तर मी त्यांना पैसे भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला सांगेन. ज्ञात औषध पुन्हा बसवून पाहण्याचा सराव आहे का, आणि चुकलेले उत्तर चुकले आहे हे ओळखायला शिकवले जाते का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर जरूर जावे. रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिले दोन दिवस संथ वाटतील, वनस्पतिशास्त्राच्या मुलांना ते लागतीलच. निबंधाच्या आशेने जाऊ नये.

माझ्या विद्यार्थिनीने परत आल्यावर तिची ३४ संयुगांची यादी नव्याने केली. साखर जोडलेली संयुगे तिने साखर काढलेल्या रूपात पुन्हा तपासली, एर्लोटिनिबबरोबरच मुद्दाम निरुपयोगी म्हणून ठाऊक असलेले काही रेणूही त्यात घातले आणि सॉफ्टवेअर या दोहोंत फरक करू शकते का ते पाहिले. यादीत आता चार संयुगे उरली आहेत आणि प्रबंधिकेच्या मसुद्यात ‘प्रभावी’ हा शब्द कोठेही नाही. मी केंद्राला दोन पानी पत्र लिहिले. तुलनेचा सराव पुढच्या तुकडीपासून पहिल्याच दिवशी घेऊ, असे उत्तर आले आहे. सहाव्या दिवसाबद्दल त्यात काही लिहिलेले नाही.